सोड्याच्या बाटल्यांचा जिल्हा

पहिलं तावदान

१९८२ च्या ऑगस्टात लातूर जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी पावसानं दडी मारली. मी शाळेत चित्रकला शिकवायचो. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटा रचून विजेवर चालणारी भट्टी बांधली होती. तीत काचेचे तुकडे एकमेकांत वितळवून चित्रं करायचो. जिल्हा परिषदेच्या नव्या सभागृहासाठी जिल्ह्याचा काचेचा नकाशा करायचं काम मला मिळालं. प्रत्येक तालुका वेगळ्या रंगाचा.

मदतीला सिद्धलिंग. तिशीचा, माझ्या मागच्या खोलीत राहणारा, औसा तालुक्यातल्या एका खेड्याचा. काच माझ्यापेक्षा सुबक कापायचा.

"पानी न्हाई, लाईट न्हाई, अन् गुरुजीला जिल्हा भाजायचा हाय," तो म्हणायचा.

भट्टी बंद केल्यावर दोन दिवस उघडायची नाही, हा नियम. काच हळू निवली नाही तर तडकते. तिसऱ्या दिवशी उघडली. औशाकडून निलंग्याकडे केसासारखा एक तडा गेला होता.

"आमच्या गावावरनंच गेला की!" सिद्धलिंग हसला.

चूक माझी होती. औषधाच्या आणि सरबताच्या बाटल्या एकत्र घेतल्या होत्या. दोन जातींच्या काचा निवताना सारख्या आकसत नाहीत.

दुसरं तावदान

या वेळी सगळी काच एकाच कारखान्याच्या गोटी सोड्याच्या बाटल्यांची. रंग वरून पूड पेरून दिला.

तडा तिथंच. पहिला तडा मी पातळ कागदावर गिरवून घेतला होता. तो कागद वर ठेवला. रेघेवर रेघ बसली.

काच चुकून तडकते. एकाच जागी दोनदा चुकून तडकत नाही. शेडची दुसरी किल्ली सिद्धलिंगकडे होती.

"मध्येच भट्टी उघडली होतीस?"

"न्हाई गुरुजी. बसवण्णाची आण."

"मग मी उघडली?"

त्यानं तड्यावर तळहात ठेवला. मग म्हणाला, "तिथं हात लावून बगा."

लावला. सगळी काच थंड होती. तड्यापाशी कोमट.

तिसरं तावदान

दुसरी किल्ली काढून घेतली. भट्टीच्या दाराला कागदाची पट्टी चिकटवून तीवर सही केली.

तिसऱ्या दिवशी पट्टी शाबूत. सही शाबूत.

तडा तिथंच.

सिद्धलिंग हसला नाही. "गुरुजी, मला गावाचं लई भ्या वाटाय लागलंय. आता म्या गावाकडं जात न्हाई. हितंच ऱ्हातो."

"नाटकं पुरे. तुकडे तूच कापतोस. कापतानाच हिऱ्यानं ओरखडा मारून ठेवतोस. पुढचं काम भट्टी करते."

"म्या कशापायी करीन तसं?"

"सामान उचल," मी म्हणालो. "गावाकडं जा."

त्यानं काच कापायचा हिरा खिळ्याला अडकवला आणि गेला.

सभागृहाला मी नकाशा पत्र्यावर रंगवून दिला. तिन्ही तावदानं भुशात घालून पेटीत बंद केली.

चार वर्षांनी तो घरभरणीचं बोलावणं घेऊन आला. "दगडाचं बांधलं, गुरुजी. दोन-दोन हात रुंद भिती. हालायचं न्हाई." जुनं काही काढलं नाही त्यानं. दारातूनच परत गेला.

मी घरभरणीला गेलो नाही.

पेटी

१९९३. सप्टेंबर संपता संपता, पहाटे जमीन हलली. त्याचं गाव दगडांखाली गेलं. सिद्धलिंग सापडला नाही.

ऑक्टोबरात मी पेटी उघडली. तडा नेमका कुठून गेला होता, ते पाहायचं होतं.

पहिलं तावदान अखंड होतं.

दुसरंही.

तिसऱ्यावरून नख फिरवलं. कुठं अडलं नाही.

फक्त त्याच्या गावाच्या जागी, काचेच्या आत, ज्वारीएवढा बुडबुडा होता. पूर्वी नव्हता.

उन्हासमोर नेऊन पाहिला. कुणी श्वास सोडावा तशी आतून वाफ धरली. विरली.

पुन्हा धरली.