तळहातातली किलवर सत्ती

पत्ता लपवायचा हात मले शिकवा, असं तीनदा म्हटलं न तू, गोविंदा? बँकेत लागला, लगन झालं, अजून काय कमी पडून राहिलं तुले? बस. आज सांगतोच. मग शिकायचं की नाही, तुहं तू ठरव.

एकसष्टचा मे होता. माही कौशल्या पहिलटकरीण, सकाळपासून दवाखान्यात अडली होती. डॉक्टरीणबाई म्हणे, दुपारपर्यंत वाट पाहू, नाही तर पोट चिरावं लागन, कागदावर नवऱ्याची सही पाहिजे. सासू जिजाबाईनं मले बाजूला घेतलं. "जावई, घरून जुनं मऊ लुगडं घेऊन या लेकरासाठी. अन् लवकर या बाप्पा, तुमच्या सहीवाचून अडन." मी सायकल काढली. बाराचं ऊन होतं, लू चालून राहिली होती, रस्त्यावर कुत्रं नाही.

घरून लुगडं घेतलं, हॅण्डलले बांधलं. निघालो तर गल्लीच्या तोंडाशीच रुपरावजीची खोली. रुपरावजी म्हणजे जत्रेत पत्त्यांचे खेळ करणारा म्हातारा, एकटा जीव. मी छापखान्यात खिळे जुळवणारा. माही बोटं पाहून त्यानं मले चेला केलं होतं. एकच हात शिकवे. गड्डीवरचा पत्ता करंगळीनं ढकलून तळहातात बसवायचा, करंगळीचं टोक अन् अंगठ्याचं मूळ, एवढ्यावरच धरायचा. बोटं ढिली पाहिजेत. अंगठा ताठला की सारं उघडं. म्हणे, "केशव, पत्ता दिवसभर हातात ठेव. जेव, सायकल चालव, लोकांशी बोल. हातालेच पत्त्याचा विसर पडला पाहिजे."

आता सांगाले लाज वाटते. बायको अडलेली, अन् त्या वक्तालेही माह्या तळहातात किलवरची सत्ती होती! मूर्ख, दुसरं काय. मनात आलं, पाच मिनिटं बसू, आज परीक्षा घ्यायचं म्हणे म्हातारा. पाच मिनिटांनी काय होते?

परीक्षेच्या वेळी दाराले आतून अडसर लावायचा, हा त्याचा नेम. लाकडाचा जड अडसर, दोन्ही हातांनी उचलायचा. पत्ता लपवलेला हात लावूनच मी तो चढवला. सफाई पाहून खूश झाला असता तो, पण काही बोलला नाही. खाटेवर भिंतीले टेकून बसला होता. खिडकीले खसची ताटी, ओली, तिचा वास भरलेला. बाहेरच्या उन्हातून आलो तर आत सारा अंधार. मी समोर पाटावर बसलो अन् उजवा हात मांडीवर ठेवला.

"दिसला."

हेच म्हणे तो, पत्ता कळला की. मग पहिल्यापासून. त्याले दिसेनासा झाल्याशिवाय चेल्यानं उठायचं नाही. मी गड्डी घेतली, पुन्हा बसवला.

"दिसला."

पुन्हा. पुन्हा. किती वेळ गेला कोण जाणे. ताटी वाळाले लागली, खसचा वास गेला अन् घामाचा, उबट वास आला. अन् कौशल्येची आठवण आली. म्हटलं, "रुपरावजी, बायको दवाखान्यात आहे. उद्या येतो गा."

"दिसला."

आता नजर सरावली होती. त्याच्या डोळ्यावर एक माशी चालून राहिली होती. उघड्या डोळ्यावर. अन् डोळा लवला नाही…

मी वाकून त्याच्या पायाले हात लावला. थंड. नागपूरचा मे महिना, भिंतीसुद्धा भाजत होत्या, अन् पाय थंडगार. ओठ मिटलेले. मी त्या मिटलेल्या ओठांकडेच पाहत होतो…

"दिसला."

मी दाराकडे झेप घेतली. डाव्या हातानं अडसर हालेना, अन् उजवा उघडेना! तोच हात, ढिला, साजरा, पत्ता धरल्यासारखा. बोटं ओढली, दातानं ओढली. नाही. ओरडलो, तर बाहेर नुसती लू घोंगावत होती. उन्हाच्या वक्ती आमच्या गल्लीत कोण बाहेर निघते? पाठीमागून तो शब्द येतच राहिला, न रागानं, न प्रेमानं.

शेवटी मी उंबऱ्यापाशी बसून रडलो. "रुपरावजी, माही बाई मरन गा… सही करायची आहे… सोडा मले…" तिचं तोंड डोळ्यापुढं आलं, घामेजलेलं, मले शोधून राहिलेलं. पत्ता, हात, म्हातारा, काही काही ध्यानात राहिलं नाही.

खोलीत आवाज नव्हता. किती वेळापासून नव्हता, मले कळलं नाही. हात उघडला होता. सत्ती हातात नाही, जमिनीवर नाही, पाटाखाली नाही.

मी पोहोचलो तवा चार वाजून गेले होते. माह्या सहीवाचूनच पोरगी झाली, कौशल्या वाचली. महिनाभर माह्याशी बोलली नाही ती, बरोबरच केलं. संध्याकाळी रुपरावजीले घाटावर नेलं. अंग धुणारे म्हणे, म्हातारा सकाळीच गेला असन.

पोरीचं नाव गोपिका. मी पत्त्याले पुन्हा शिवलो नाही. पण ती रांगाले लागली तवापासून तिचा एक खेळ. माहा उजवा हात घ्यायचा, एकेक बोट उघडायचं, तळहात पाहायचा, नाही म्हणून मान हालवायची, पुन्हा मिटवायचा. मोठी झाली, लगन झालं, कळमेश्वरले नांदाले गेली, तरी माहेरी आली की आधी हेच. काहून करतं वं, विचारलं तर हसे.

परवा आली, कडेवर लेक. मी जेवाले बसत होतो. तिनं माहा हात घेतला, बोटं उघडली. पाहत राहिली. या खेपेले मान हालवली नाही. पदरानं आधी लेकाचे डोळे झाकले, मग माही मूठ मिटवली अन् वरून हा फडका बांधला.

"काय दिसलं वं, गोपिका?"

"बाबा, आता हा हात उघडू नका."

मी पाहत होतो न गोविंदा, तळहात कोरा होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती लेकाले घेऊन गेली. गाठ तिनं सैल बांधली होती, तवा बोट आत जाये; मी शिवलो नाही तिले. आता नख जात नाही.