उत्तरेच्या जागेचा बेत

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या त्या संशोधन केंद्राखालची गोठलेली माती विरघळत चालली होती. दर उन्हाळ्यात खांब थोडे खचत आणि जेवणाच्या टेबलावर सांडलेले वाटाणे मुकाट दाराच्या दिशेने निघत. समितीने केंद्रप्रमुख गुनव्होरला बजावलं होतं: नवी पक्की जागा दाखवा, नाहीतर हिवाळ्यात केंद्र बंद. गुनव्होरने जागा हेरलीही होती, खाडीपलीकडे, उत्तरेच्या कड्यावर. खाडीवरचं बर्फ फुटण्याआधी तिथे पोचायचं, जमिनीत छिद्र पाडायचं, खाली खडक लागला की परत!

तिच्या आराखड्यात गाडी बिघडण्यापासून वादळापर्यंत सगळ्याची सोय होती. सोबतच्या दोघांची मनं तेवढी त्यात बसत नव्हती. मेकॅनिक ओडवार माणसांपेक्षा इंजिनाशी जास्त बोले. भूशास्त्रज्ञ सिग्नेला ही जागा मुळातच पटलेली नव्हती, आणि दर थांब्यावर कॉफी ओतताना ती हे नव्याने ऐकवी.

दोन बर्फगाड्या खाडी ओलांडून गेल्या. कड्याच्या पायथ्याशी शिकाऱ्यांचं जुनं लाकडी खोपटं होतं. पुढची चढण पायीच. धुकं उतरल्यामुळे तिघं आत शिरली. जन्माच्या सवयीने बूट पडवीत काढले. बंदूकही पडवीतच खुंटीला लावली, कारण उबेत आणली की तिला घाम फुटतो आणि बाहेर नेली की तोच घाम गोठून चाप अडकतो. बाहेरच्या दाराला कुलूप नव्हतं. तिकडे कुणी लावतच नाही. स्टोव्ह पेटला. गुनव्होर मात्र बसेना. खिडकीशी जाई, बर्फाकडे बघे, परत येई. तपकिरी चीज ठेवलेला पाव तिने हातातच धरून ठेवला होता.

आणि पडवीत काहीतरी कोसळलं!

कुणी जागचं हललं नाही. मग आतल्या दाराच्या फटीतून एक लांब, ओला श्वास आला. अस्वल! बूट तिकडे, बंदूक तिकडे, आणि मध्ये ते.

गुनव्होरने दाराला खांदा लावला. फळी वाकली. सिग्ने तव्यावर पळी बडवत सुटली. ओडवारने खिडकी उघडली आणि अस्वलं पळवायचं, खिशातलं फटाक्याचं पिस्तूल झाडलं. लाल उजेड, धूर, कानठळ्या! दारावरचा भार एकदम गेला. धुक्यात ते पिवळट धूड दुडकत निघालं. तोंडात सिग्नेचा बूट होता.

दुसरा बूट पडवीत फाटून पडला होता. आराखड्यात जादा मोजे होते, जादा हातमोजे होते, गाडीचे जादा पट्टे होते. जादा बूट नव्हते.

"माझे घाल," गुनव्होर सिग्नेला म्हणाली. "तुम्ही दोघं वर जा. मी थांबते."

"आणि बंदूक?" ओडवारने विचारलं.

"तुमच्याकडे."

"मग ते परत आलं तर तू काय करणार? आराखडा वाचून दाखवणार?"

"झोपेल तरी," सिग्ने पाय चोळत म्हणाली.

गुनव्होर बूट चढवून, बंदूक घेऊन बाहेर पडली. धुकं विरत होतं. कड्यावरून पावलांचा माग उतरत होता. एक नव्हे, कितीतरी. काही ताजे, काही वाऱ्याने पुसट झालेले, एका मोठ्या मागाशेजारी पिल्लाचा. सगळे तिच्या लाडक्या जागेवरून खाली, सील मिळतात त्या बर्फाकडे. तिने केंद्रासाठी निवडला होता तो अस्वलांचा हमरस्ता! तरीही तिची नजर वरच खिळली होती. खडक असेल. नक्की असेल.

तेवढ्यात खाडीतून बर्फ तडकल्याचा तोफेसारखा आवाज आला.

ती आत आली. "सामान भरा. परत जायचं."

सिग्नेने स्टोव्ह विझवला.

ओडवारच्या गाडीमागच्या घसरगाडीवर सिग्ने झोपायच्या पिशवीत कमरेपर्यंत शिरून बसली. मागे गुनव्होर, तिच्या गाडीला ते जड छिद्रयंत्र बांधलेलं. अर्ध्या खाडीत बर्फ दुभंगलं. ओडवारने वेग कमी केला नाही. त्याची गाडी गेली, घसरगाडीची शेपटी पाण्यात आपटली आणि वर आली! गुनव्होरने ब्रेक दाबला. समोरची काळी रेघ रुंदावत होती.

यंत्रासकट उडी मारणं शक्य नव्हतं. यंत्राशिवाय या वर्षी छिद्र नव्हतं, जागा नव्हती. पलीकडे सिग्ने पिशवीतून अर्धी उठून बघत होती. गुनव्होरने चाकू काढला. दोर तुटला. यंत्र बर्फावर कलंडलं. ती मागे गेली, वळली आणि पूर्ण जोराने सुटली. पाणी. हवा. धडाड! गाडी पलीकडच्या काठावर आपटली, सरकली, थांबली.

"चांगलं यंत्र होतं," ओडवार म्हणाला.

केंद्रावर परतल्यावर आराखड्यातल्या उत्तरेच्या जागेवर गुनव्होरने स्वतःच काट मारली, कारणासकट. समितीने कुरकुरत एकच हिवाळा मंजूर केला: आहे तेच केंद्र उचलून धरा आणि तोवर दुसरी जागा शोधा. ओडवारने खांबांखाली जॅक लावून दाराकडची खचलेली बाजू उचलली.

शरदात समितीच्या अध्यक्षबाई पाहणीला आल्या. पडवीत बूट काढून आत वळल्या, तर गुनव्होरने ते उचलून स्टोव्हजवळ आणून ठेवले. बाईंनी भुवया उंचावल्या. सगळी जेवायला बसली. बाईंच्या ताटातून काही वाटाणे सांडले आणि टेबलावरून शांतपणे घरंगळत निघाले, आता दाराऐवजी खिडकीकडे.

सगळ्यांनी ओडवारकडे पाहिलं. तो जेवत राहिला.