हिवाळ्यापुरती जागा

गल्ली एवढी अरुंद असेल असं मोबाइलच्या नकाशात कुठेच दिसलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, भुरभुर पावसात, स्वराली आपली जुनी गाडी आणि तिच्या मागे जोडलेली इवलीशी पांढरी कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची खोलीच, घेऊन त्या गल्लीत शिरली आणि अडकली. समोरून ट्रॅक्टर आलेला. मागे सरकण्यावाचून इलाज नव्हता. पण ती गाडी मागे घ्यायला लागली, की कॅरॅव्हान भलतीकडेच तोंड फिरवायची. डावीकडे म्हटलं की उजवीकडे.

"सरळ जा ना गं बाई!" स्वराली वैतागून ओरडली. "काय छळ मांडलायस सकाळी सकाळी!"

"ती सरळच जाते," उघड्या काचेतून आवाज आला. "तू उलटं फिरवतेस."

मराठी! जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नपासून वीस किलोमीटरवरच्या, एक चर्च नि एक बेकरी एवढाच पसारा असलेल्या गावात... मराठी?

तिने मान वळवली. ट्रॅक्टरवरून उतरलेला उंच तरुण काचेपाशी वाकून उभा होता. निळा ओव्हरऑल, भिजलेले कुरळे केस, गव्हाळ रंग. डोळे मात्र हिरवट.

"हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धर," तो म्हणाला. "आता कॅरॅव्हान जिकडे जायला हवी, तिकडेच हात ने. हळूऽ... मी मागे उभी राहते आणि सांगते."

स्वरालीला वाटलं, आपलंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. पण विचारायची ही वेळ नव्हती. तिने हात खाली धरला.

"थोडं डावीकडे... अजून... गेनाऊ, अगदी बरोबर! मी म्हणत होते ना, जमेल!"

कॅरॅव्हान शहाण्यासारखी मागे सरकली, आणि स्वरालीला हसू आवरेना.

"तुम्ही असं का बोलता?" तिने डोळे पुसत विचारलं. "उभी राहते, म्हणत होते..."

"कसं?" तो खरोखरच गोंधळला. "आई असंच बोलते."

मग उलगडा झाला. शार्दूल क्लाइन त्याचं नाव. आई सांगलीची, वडील याच गावचे. पंचक्रोशीत दुसरं मराठी माणूस नाही. त्याने मराठी ऐकली ती फक्त आईच्या तोंडून, आणि जशी ऐकली तशी उचलली. एकतीस वर्षांत त्याला कुणी हसलंच नव्हतं.

"आणि तू तीच ना," तो म्हणाला, "जिने हिवाळ्यापुरती जागा हवी म्हणून फोन केला होता? कोठार आमचंच आहे."

कोठार म्हणजे पूर्वी गवत साठवायची जागा. वडिलांनी शेती कमी केली आणि शार्दूल ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला, तेव्हापासून तिथे हिवाळ्यात लोकांच्या कॅरॅव्हान राहायला येत. नोव्हेंबरच्या अखेरीस दार बंद व्हायचं ते मार्चमध्येच उघडायचं.

स्वरालीला वाटलं होतं, कॅरॅव्हान आत लावायची, कुलूप घालायचं आणि निघायचं. शार्दूलने दार उघडून आत नजर टाकली आणि मानच हलवली.

"टाकीत पाणी आहे?"

"असेल थोडं."

"ते थोडंच गोठतं आणि पाइप फोडतं. आल्झो... चल, बाही वर कर."

सगळा दिवस त्यात गेला. टाकी रिकामी केली. पाणी तापवायच्या बंबाची झडप उघडली. पंप कोरडा घरघरेपर्यंत चालवला. नळ उघडे ठेवले तेही हँडल मधोमध करून, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही पाइपांतलं पाणी निघून जाईल. गॅसची टाकी बाहेर काढली. बॅटरी तिने आपल्या खोलीवर न्यायची ठरली. गाद्या भिंतीला टेकवून उभ्या केल्या, कपाटं उघडी, फ्रीजचं दार उघडं आणि त्यात घडी केलेला टॉवेल अडकवलेला.

"हँडब्रेक ओढू?" तिने विचारलं.

"अजिबात नाही. चार महिने ओढून ठेवला की चिकटून बसतो. चाकाला ठोकळे लाव."

"हे सगळं तू प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवतेस का?" स्वरालीने मुद्दाम त्याच्याच तऱ्हेने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "बाकीची गिऱ्हाइकं साठीच्या पुढची आहेत. त्यांना सगळं येतं."

"आणि मला काहीच येत नाही, असंच ना?"

"तुला येत नाही..." तो पाना पुसत म्हणाला, "ते बरंच आहे."

काम उरलंच होतं. आतला ओलावा शोषणारी भांडी आणायची होती, खिडक्यांच्या रबराला पावडर लावायची होती. म्हणून पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. त्या दिवशी प्रमोदिनीकाकूंनी, म्हणजे शार्दूलच्या आईने, तिला हाताला धरून घरातच नेलं.

"अगं, पस्तीस वर्षं झाली या गावात, दारात येऊन कुणी 'काकू' म्हणून हाक मारलेली नाही. बस आधी." त्यांनी गरम थालीपीठ पुढ्यात ठेवलं, वर लोण्याऐवजी क्वार्कचा, म्हणजे तिकडच्या चक्क्याचा, गोळा. "आणि त्याच्या बोलण्याला हसलीस म्हणे?"

"सॉरी, काकू..."

"सॉरी कसली? लहान होता तेव्हा मला गोड वाटायचं. उद्या सुधारू म्हणता म्हणता राहूनच गेलं बघ."

मग जेवणाच्या टेबलावरच शिकवणी झाली. मी येतो. मी जातो. मी खातो. शार्दूल एकेक वाक्य तोंडात घोळवून बघत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वरालीकडे बघत होता. बरोबर आलं का म्हणून... की नुसताच?

तिसऱ्या शनिवारी तर कामही नव्हतं. "टायरमधली हवा बघायला आले," ती म्हणाली. शार्दूलने चारदा हवा मोजली. दोनच टायर होते.

पण एक गोष्ट स्वरालीने त्याला सांगितली नव्हती. कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठाची डॉक्टरेट हातात पडली होती आणि एक डिसेंबरपासून तिची म्युनिकला नोकरी सुरू होणार होती. तिथे स्वतःला राहायला खोली मिळतानाच नाकी नऊ आले होते, कॅरॅव्हान कुठे ठेवणार? म्हणून त्या गल्लीत अडकायच्या आदल्याच आठवड्यात तिने विक्रीची जाहिरात टाकली होती, आणि विकली जाईपर्यंत तेवढी ती कोठारात ठेवायचं ठरवलं होतं. आता माइन्झच्या एका जोडप्याचा फोन आला होता. चौथ्या शनिवारी ते बघायला येणार होते.

गुरुवारी तिने शार्दूलला फोन करून सगळं सांगितलं.

"जा..." तो म्हणाला. "ठीक आहे. बाहेर काढून ठेवतो."

शनिवारी स्वच्छ ऊन होतं आणि हाडं गोठवणारी थंडी. कोठारासमोर कॅरॅव्हान धुऊन पुसून उभी होती. ती त्याने पहाटे उठून धुतली होती हे स्वरालीला विचारावं लागलं नाही. त्याची बोटं लालभडक झाली होती. तो तिच्याकडे बघत नव्हता.

माइन्झच्या बाईंना पडदे आवडले. त्यांच्या नवऱ्याने गाद्या दाबून पाहिल्या, कपाटं उघडून पाहिली, आणि मग तो शार्दूलकडे वळला. "तुम्ही मेकॅनिक आहात. खरं सांगा, भिंतींत ओल आहे का?"

स्वराली शार्दूलकडे बघत राहिली. मनातल्या मनात ती म्हणत होती, आहे म्हण. एकदाच. एक तरी खोट काढ...

शार्दूलने खिशातून ओल मोजायचं यंत्र काढलं. एकेक कोपरा, खिडकीखालची भिंत, बाकाखालची फळी... सगळीकडे लावून त्याने आकडे दाखवले.

"कोरडी आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला. "एवढी जुनी असून इतकी चांगली मी पाहिलेली नाही. हिने जिवापाड जपली आहे."

"मग ठरलं," माइन्झचे गृहस्थ खूश होऊन म्हणाले. "घेतली!"

"नाही," स्वराली म्हणाली.

आपण बोललो हे तिला स्वतःलाही नंतर कळलं. तिने दोघांची माफी मागितली, दोनदा मागितली. ते कुरकुरत गाडीत बसले आणि निघून गेले.

"का नाही दिलीस?" शार्दूलने विचारलं.

"तू एक तरी खोट काढायचीस."

"नव्हती."

"मग खोटं बोलायचंस!"

"ठरवलं होतं." तो हातातल्या यंत्राकडे बघत म्हणाला. "गुरुवारपासून तेच ठरवत होतो. ओल आहे, घेऊ नका, असं सांगायचं. पण हे भिंतीला लावलं आणि... तुझ्या वस्तूबद्दल खोटं बोलता येईना."

"पण ठरवलं कशासाठी होतंस?"

"तू मार्चमध्ये परत यावीस म्हणून."

स्वराली कॅरॅव्हानच्या पायरीवर बसली.

"मी कॅरॅव्हानसाठी येते असं वाटतं तुला? टायरची हवा कुणी दर आठवड्याला बघतं का रे?" ती थांबली, मग एका दमात म्हणाली, "मला तू आवडतोस, शार्दूल. खूप. आता बोल काय बोलायचं ते."

तो तिच्या शेजारी येऊन बसला. पायरी एकाच माणसापुरती होती, त्यामुळे खांद्याला खांदा लागलाच. त्याने आपली लाल, गारठलेली बोटं तिच्या तळहातात ठेवली आणि तिने मूठ मिटली.

"मार्च फार लांब आहे," तो म्हणाला. "मी म्युनिकला येऊ?"

"चार तासांचा प्रवास आहे."

"मग सकाळी लवकर निघेन."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रमोदिनीकाकू हे सगळं बघत होत्या. त्यांनी घाईघाईने पडदा ओढला, तो अर्धाच.

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी शार्दूल म्युनिकला आला. बाहेर बर्फ पडत होतं. स्वरालीच्या खोलीत टेबलावर चहाचे दोन कप होते आणि एक कोरी चौकटींची वही, कारण गाडीतून उतरताच तो म्हणाला होता, "मला बोलता येतं, पण लिहिता येत नाही. शिकवशील?"

पहिला शब्द कुठला ते त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. जीभ दाताखाली धरून, दोन पानं वाया घालवून, त्याने लिहिलं: स्वरालि.

"शेवटची वेलांटी चुकली," ती त्याच्या खांद्यावरून वाकत म्हणाली. "तिथे दीर्घ हवी."

"दीर्घ म्हणजे?"

"म्हणजे लांब. पुष्कळ वेळ चालणारी."

शार्दूलने पेन खाली ठेवलं, तिचा हात धरला आणि गालाशी नेला.

"तीच हवी," तो म्हणाला. "दाखव, कशी काढायची."