बाबांशी बोलणं झालं

दर रविवारी दुपारी बारा वाजता विजयाबाई हातातलं काम टाकून फोन घेऊन बसत. रायपूरला बारा वाजले की ऑकलंडला संध्याकाळचे साडेसात होतात, आणि यशोधन आठवड्याचे कपडे धुऊन मोकळा झालेला असतो. नरहरराव तर पावणेबारापासूनच "लाव ना, लाव ना" करत मागे लागत. फोन लागला की "काय रे पोट्ट्या, जेवला का?" हे ते अशा आवाजात विचारत, की गुढियारीच्या मालधक्क्यावरच्या हमालांनीही उत्तर द्यावं! पस्तीस वर्षं रेल्वेत खड्या आवाजात बोलण्यात गेलेली. मोबाइल आला म्हणून आवाज थोडाच उतरतो?

ते नरहरराव एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता गेले. अर्धा गाल साबणाचाच होता.

यशोधननं तिथं कायमचं राहण्यासाठी अर्ज केलेला होता. मधेच देश सोडला तर सगळं पाण्यात जातं, असं विजयाबाईंचा भाऊ नीलकंठ यानं कुठूनसं ऐकलं होतं. "एक महिना, ताई," तो म्हणाला, "कागद हातात येऊ दे, मग सांगू. पोट्टा तिथं एकटा. त्याले कोण सांभाळीन?" अग्नी पुतण्यानं दिला. नातेवाइकांना शपथा घालून झाल्या. परदेशात पोरं असलेल्या घरांना असलं शहाणपण शिकवावं लागत नाही. विजयाबाईंना ते मनातून पटलं नव्हतं, तरी त्यांनी मान हलवली. पोराला बापाचं शेवटचं तोंडही पाहू दिलं नाही, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी व्हिडिओ लावला नाही. कपाळ मोकळं, गळा मोकळा. पोरानं पाहिलं असतं तर सांगायचं काय राहिलं होतं? "कॅमेरा खराब झाला रे," त्या म्हणाल्या, आणि घोकून ठेवलेलं पुढचं वाक्य एका दमात टाकलं, "बाबा पंडरीच्या बाजारात गेले, कापड आणायले."

"हो, मालूम है," यशोधन म्हणाला. "त्यांच्याशी बोलणं झालं."

विजयाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. "कवा?"

"आत्ताच. तुझ्या आधी."

फोन ठेवून त्या कपाटाकडे धावल्या. नरहररावांचा मोबाइल रुमालात गुंडाळून ठेवलेला, तसाच होता. बंद. नीलकंठनं तो चार्जिंगला लावून पाहिला. मंगळवारनंतर एकही फोन गेलेला नव्हता की आलेला नव्हता. "मागच्या आठवड्याचं सांगत असंल," तो म्हणाला, "तिथं पोरांले वारही समजत नाही." पण सिमकार्ड काढून त्यानं स्वतःच्या पाकिटात घातलं. काहून घातलं, ते ना त्यानं सांगितलं, ना ताईनं विचारलं.

दुसऱ्या रविवारी विजयाबाई म्हणाल्या, बाबा झोपले आहेत.

"नको उठवू," यशोधन म्हणाला. मग जरा थांबून, "आई, घरी भात शिजत नाही म्हणे?"

नरहरराव गेल्यापासून त्यांनी भात लावला नव्हता. दुपारचा भात त्यांच्यासाठीच लागायचा. ही गोष्ट ताईसोबत राहायला आलेल्या नीलकंठच्याही ध्यानात आली नव्हती. पुढ्यात पोळी येते, तो खातो.

"तुले कोणी सांगितलं?"

"बाबा म्हणाले."

 विजयाबाईंना त्याहून विचित्र वाटला तो त्याचा सूर. एरवी हा पोट्टा असा घाईत असायचा की "हव, हव, ठेवतो" इतकंच ऐकू यावं. आज मात्र तो हळू बोलत होता, दवाखान्यात भेटायला आलेलं माणूस बोलतं तसा.

"आई, तुले काही त्रास तर नाही ना?"

"मले काय होते? मी बरी आहो."

"मी रोज तुझ्यासाठी पान वाढतो. आधी तुझं काढून ठेवतो, मग जेवतो."

त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती माया ही! फोन ठेवल्यावर त्यांनी नीलकंठला ते कौतुकानं सांगितलंही. तो जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"ताई," तो म्हणाला, "जित्या माणसाचं पान कोणी काढून ठेवते का?"

त्या संध्याकाळपासून विजयाबाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अर्ज गेला खड्ड्यात, आता सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी फोन लावला, त्यानं उचलला नाही. मंगळवारी नाही. रोज लावत होत्या. तिकडे रिंग जायची, जात राहायची. दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, जो दारी येईल त्याच्याशी त्या उगाच चार शब्द जास्त बोलायच्या. समोरून उत्तर आलं की त्यांना बरं वाटायचं. काहून बरं वाटते, याचा विचार मात्र त्या करत नव्हत्या.

रविवारी बाराला पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

"यशोधन, ऐक बेटा. मी खोटं बोलली तुयाशी." विजयाबाईंचा आवाज फाटला. "तुझे बाबा नाही राहिले. तीन आठवडे होत आले. मंगळवारी गेले, दाढी करता करता. तुले जो फोन येते, तो तुया बापाचा नाही रे!"

 पलीकडे एक लांब श्वास.

"बाबा म्हणालेच होते," तो म्हणाला. "एक दिवस आई असं सांगेल म्हणून."

नीलकंठनं फोन हिसकावून घेतला. "अबे, मी मामा बोलून राहिलो! ताई खरं सांगून राहिली. मी स्वतः खांदा दिला भाऊजीले!"

"मामा," यशोधन नरमाईनं म्हणाला, "आप भी आराम करो. बाबा सांगत होते, मामाले बी आई दिसते. घरात ती बसली असते म्हणे, मामा तिच्याशी बोलत राहते."

नीलकंठनं फोन खाली केला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"काय पाहून राहिला?" विजयाबाई ओरडल्या. "मी आहो ना इथं! हात लावून पाह्य!"

त्यानं हात लावला नाही.

त्यांनी फोन ओढून घेतला आणि व्हिडिओचं बटण दाबलं. दिसू दे कपाळ. दिसू दे गळा. आईचं तोंड पाहिल्यावर तरी पोराला कळेल.

यशोधनचा चेहरा आला. डोकं तुळतुळीत. भुवयांच्या वर नुसता ट्यूबलाइटचा उजेड.

"हे काय केलं रे?" त्यांच्या तोंडून जेमतेम निघालं. "कोणासाठी?"

तो रडत होता, पण घाबरलेला नव्हता. "सगळं नीट केलं, आई. दहावं, तेरावं. बाबा फोनवर सांगत गेले, तसं. काही राहिलं असेल तर सांग."

"माझ्याकडे पाह्य! मी दिसून राहिली ना तुले?"

"दिसते ना." तो हसायचा प्रयत्न करत होता. "म्हणून तर त्रास होते. बाबा म्हणतात, तू उचलत राहिला तर ती अडकून राहील. आज शेवटचा उचलला."

"यशोधन, ठेवू नको! बेटा, ठेवू नको!"

त्यानं ठेवला नाही. फोन कशाला तरी टेकवून उभा केला. चित्र जरा हललं, मग स्थिर झालं. त्याच्यामागे खिडकी दिसली, एक छोटं टेबल, टेबलावर झाकलेलं ताट. तो बाजूला गेला. काडी ओढल्याचा आवाज आला.

विजयाबाई त्याला हाका मारत होत्या. नाव घेऊन, लहानपणीच्या नावानं, देवाची शपथ घालून.

तो परत आला आणि त्यानं फोनसमोर उदबत्ती लावली. धूर सरळ वर चढला, वाकडा झाला आणि हळूहळू सगळ्या स्क्रीनवर पसरला. धुरापलीकडे यशोधननं डोळे मिटले आणि हात जोडले.