चौकटीबाहेरचं क्लिक

सर्बियातल्या बेचेय गावच्या आमच्या साप्ताहिकात निधनाच्या जाहिराती मी लावते. त्यांचा प्रोग्रामही मीच लिहिलाय. फोटो, नाव, दोन ओळी भरल्या की पडद्यावर एक पॉपअप उघडतो आणि विचारतो, 'छापायचं?' त्याच्या चौकटीबाहेर कुठंही क्लिक केलं, की तो काही न छापता मिटतो. मन बदललेल्या माणसाला बटण शोधत बसायला लागू नये, एवढाच माझा हेतू. तीन वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

गुरुवारी सकाळी देसांका काकू आल्या. त्यांचा नवरा स्वेतोझार अडतीस दिवसांपूर्वी तिसा नदीवर मासे धरायला गेला होता. होडी उलटी सापडली, तो नाही. शनिवारी चाळिसाव्या दिवसाचं जेवण, पाद्रीबाबांना सांगून झालेलं, आणि आमचा अंक त्याच दिवशी दुपारी बाराला छपाईला जायचा.

"हाच फोटो लाव गं तियाना. निदान हसतोय तरी. एरवी कॅमेरा दिसला की तोंड वाकडं."

मी 'हो'कडे बाण नेला. पॉपअप मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला.

"काय झालं?"

"माझाच हात लागला असेल, काकू."

लागला नव्हता. मी माउसची वायर काढून कीबोर्डनं करून पाहिलं. तरी मिटला.

संपादक झार्को आतून ओरडले, "आधी ती खिडकी लाव! वारा लागला की यंत्रंसुद्धा आजारी पडतात." आमच्याकडे सगळ्या दुखण्यांचं खापर वाऱ्यावरच फुटतं. मी मुकाट्यानं खिडकी लावली. पॉपअप मिटला.

मग मी प्रोग्रामच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक वेळी चौकटीबाहेर क्लिक झालं होतं, आणि कुठं तेही लिहिलेलं होतं. पहिलं, उजवीकडे तेवीस लाख ठिपक्यांवर. माझा अख्खा पडदा दोन हजार ठिपक्यांचा. पुढचं सतरा लाखांवर, मग नऊ, मग तीन. काहीतरी बिघडलंय हे उघड होतं, पण बिघाड असा शिस्तीत उतरत नाही. पाकिटाच्या पाठीवर मी ठिपक्यांचे मीटर करून पाहिले. सहाशे मीटर. साडेचारशे. दोनशे चाळीस. ऐंशी.

आमच्या ऑफिसच्या उजवीकडे सहाशे मीटरवर नदीचा बांध आहे.

"काकू, पुढच्या अंकात देऊ या का?"

"पोरी, अडतीस दिवस दाराला कडी लावली नाही मी. रोज दोन ताटं मांडते. आता मला हे संपवायचंय गं."

मी पुन्हा उघडला. मिटला. दहा मीटर. म्हणजे आमचा जिना.

पुन्हा. चाळीस सेंटिमीटर.

आमच्या दोन खुर्च्यांच्या मधे काकूंची पिशवी होती. त्यांनी ती उचलून मांडीवर घेतली, कुणाला जागा करून द्यावी तशी. आपण असं केलं हे त्यांना कळलंही नसावं.

"झालं का?"

बाराला पाच कमी होते. मी भ्याले, खरं सांगते. बाहेरच्या क्लिकचा नियमच मी काढून टाकला. एकच ओळ होती. आता बाहेरून कुणी कितीही क्लिक केलं तरी चौकट मिटणार नव्हती.

'हो' दाबलं. जाहिरात गेली.

काकू रडल्या. माझ्या कपाळाचा मुका घेऊन म्हणाल्या, "आज कडी लावून झोपेन." आणि गेल्या.

नोंदी अजून उमटत होत्या.

चाळीस सेंटिमीटर. चाळीस सेंटिमीटर. अकरा वेळा.

मग दहा मीटर.

ऐंशी.

साडेचारशे.

एक वाजून वीस मिनिटांनी, सहाशे. त्यानंतर काही नाही.

मी ती ओळ घाईघाईनं परत घातली. स्वेतोझारचा पॉपअप उघडला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वाट पाहत बसले.

सहा वाजता झार्को दिवे मालवायला आले, तेव्हाही तो उघडाच होता.