थेंबातला पलंग

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते पटायचं नाही.

चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून स्वतःचे डोळे फोडायचे आणि सुट्टीच्या दुपारी घरी बसून मुंगीच्या मिशांचे फोटो काढायचे, असा त्याचा छंद. बायको थट्टेनं त्याला किडेमास्तर म्हणायची. पुढं गल्लीभर तेच नाव झालं.

महागडी लेन्स घ्यायची ऐपत नव्हती, पण डोकं होतं. भंगारातून एका जुन्या कॅमेऱ्याची लेन्स आणली आणि आपल्या कॅमेऱ्यावर उलटी करून बसवली. उलटी लावली की मोहरीचा दाणा कलिंगडाएवढा दिसतो म्हणे. मधे जाड पुठ्ठ्याची नळी, आतून काळी रंगवलेली. डब्याचं दुधाळ झाकण कापून टेबलावरच्या दिव्यापुढं धरलं, की उजेड मऊ पडायचा. सगळी टाकाऊ वस्तूंची जत्रा, पण फोटो असे यायचे की बघणारा आ वासून बघत राही.

एकच अडचण होती. एवढ्या जवळून फोटो काढताना केसभरही हललेलं चालत नाही. श्वास सोडला तरी चित्र पुसलं जातं. पडदे ओढायचे, दार लावायचं, दिवा लावायचा आणि दगड होऊन बसायचं.

आणि पातळ लाकडी भिंतीपलीकडं ताई होती.

त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा तिनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. आता तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. डावा हात तेवढा शाबूत. त्या हातात एक स्टीलचा चमचा असायचा. पलंगाच्या लोखंडी दांडीवर एक ठोका दिला की पाणी हवं. आणि बारीक बारीक, लागोपाठ ठोके दिले तर त्याचा अर्थ, "आहेस ना रे तिथं?"

हे दुसरं बोलणं फक्त दोघांतलं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी अंधारात तो घाबरला, की ताई दुसऱ्या खोलीतून असेच भिंतीवर टकटक करायची आणि तो ओरडायचा, "आहे, आहे!" आता उलटं झालेलं. ती वाजवायची, तो म्हणायचा, "आहे गं, आहे!"

त्या दुपारी बायको कामावर गेलेली. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी इस्त्री करायची ती. किडेमास्तर थेंबाचा फोटो काढायला बसला होता. साबणाच्या वडीत सुई उभी खोचायची, टोकावर पाण्याचा थेंब ठेवायचा. नुसतं पाणी दिव्याच्या उबेनं उडून जातं, म्हणून त्यात ग्लिसरीन मिसळायचं. तसला थेंब दिवसभर हलत नाही. मागं कागदी फुलाचं चित्र उलटं चिकटवायचं, कारण थेंबात सगळं जग उलटं दिसतं. मग थेंबाच्या पोटात फूल सुलट उमलतं.

सगळं जमत आलं आणि पलीकडून बारीक ठोके सुरू झाले. भिंत थरथरली, टेबल थरथरलं, फोटो पुसट.

"आहे गं!"

पुन्हा नीट लावलं. पुन्हा ठोके.

"आहे म्हटलं ना, ताई!"

तिसऱ्यांदा मात्र त्याचं डोकं फिरलं. उठला, आत गेला आणि तिच्या मुठीतून चमचा काढून घेतला. बोट बोट सोडवून काढावा लागला. "अर्धा तास, ताई. अर्धा तास गप पड." ती नुसती बघत राहिली. तिच्या उशाशी पेला होता. त्यात पाणी होतं की नाही, त्यानं बघितलं नाही. दार ओढून घेतलं.

फोटो अप्रतिम आला. मग दुसरा, तिसरा. अर्ध्या तासाच्या नादात उन्हं उतरली.

आत गेला तेव्हा ताई गेलेली होती. हात पेल्याकडं लांबवलेला, बोटं दांडीवर अडकलेली. पेला कोरडा ठणठणीत.

आणि आता ऐका, माणूस घसरतो तो कसा. त्यानं पहिलं काम काय केलं? रडला नाही, कुणाला हाक मारली नाही. चमचा आणला आणि तिच्या मुठीत परत बसवला. पेल्यात पाणी ओतलं.

बायको आली, तिनं ऊर बडवला. वर त्याचीच समजूत घातली. "तुम्ही घरातच होतात की. वाजवलं असतं तर ऐकू आलंच असतं. झोपेतच गेल्या."

"झोपेतच," तो म्हणाला.

ताईची लेक दुसऱ्या गावाहून आली. तिनंही तेच विचारलं, "मामा, आईनं शेवटी काही मागितलं का रे?"

"नाही गं. काही नाही."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच? पलंग काढून टाकला, खोली धुतली. बरेच दिवस त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी बायको म्हणाली, "असं भिंतीकडं तोंड करून किती बसाल? काढा तुमचे किडे बाहेर."

त्यानं मांडामांड केली. साबणात सुई, सुईवर थेंब, मागं उलटं फूल. फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून बघितला.

थेंबात फूल नव्हतं.

लोखंडी दांडीचा पलंग होता, डोकं खाली पाय वर. त्यानं कॅमेरा हातात उलटा फिरवला. पलंग सुलट झाला. चादरीवर कुणीतरी पडलेलं. डावा हात बाहेर लांबवलेला... रिकामा.

त्यानं मान वर करून सुईकडं बघितलं. टोकावर थेंबच नव्हता. ग्लिसरीनचा थेंब, जो दिवसभर हलत नाही. साबण कोरडा, टेबल कोरडं. दुसरा थेंब ठेवला, फोटो काढला. तोच पलंग. तोही थेंब गेला. कुणीतरी टिपून घ्यावा तसा.

तिसरा ठेवायचा धीर झाला नाही. बायकोनं विचारलं, "आला का फोटो?" तेव्हा तो "हलला" म्हणाला. तेही खोटंच. एवढा स्वच्छ फोटो त्याला जन्मात आला नव्हता. चादरीच्या सुरकुत्या मोजता आल्या असत्या.

त्यानंतर त्याला पाणी गिळवेना. पेला तोंडाला लावला की घोट परत पेल्यात यायचा. माणूस सुकत चालला. शेवटी भाचीला निरोप धाडला, ये म्हणून. बायको कामावर गेलेली बघून तिला टेबलाशी बसवलं. पडदे ओढलेले, दिवा लागलेला. तिच्या पर्समध्ये ताईचा तो चमचा होता. आईची आठवण म्हणून तिनं नेला होता आणि कायम जवळ बाळगायची.

"मामा, किती वाळलास रे! मामी जेवायला घालते की नुसत्या चादरी घालते?"

तो हसला नाही. जमिनीकडं बघून सगळं सांगितलं. चमचा कसा काढला, परत कसा बसवला, आता थेंबात कोण दिसतं, सगळं.

भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोट बोट सोडवून?"

"हो."

"आणि मला म्हणालास, काही मागितलं नाही."

"हो."

"फोटोसाठी, मामा?"

तिनं एक थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती उठली, आतून ताईचा पेला शोधून आणला, काठोकाठ भरला आणि टेबलावर ठेवला. पर्स मांडीवर घेऊन, चेन ओढून, घट्ट धरून बसली.

"काढ फोटो. मला बघू दे आई."

हातांना सवय होती. थेंब ठेवला. दोघांनी श्वास रोखला. फोटो निघाला.

त्यानं कॅमेरा उलटा फिरवून तिच्यापुढं धरला. पलंग होता, चादर होती. वर कुणी नव्हतं.

भाचीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "गेली, मामा... सुटली बघ. तू बोललास आणि ती सुटली."

त्याच्याही छातीवरचा धोंडा हलल्यासारखा झाला. पण नजर सुटेना. वर्षानुवर्षं काचा तपासलेली नजर ती. पलंगावरची चादर एका बाजूला लोटलेली होती. अंथरुणातून उठताना माणूस लोटतो, तशी. उशीला खळगा होता. आणि पलंगाच्या पायथ्याशी, जमिनीवर, ओलसर पावलांचे ठसे दाराकडं गेलेले.

ताईला उठता येत नव्हतं.

"मामा..." भाची अगदी हळू म्हणाली. "पेला..."

तिच्या कोपराजवळचा पेला कोरडा ठणठणीत होता. त्यात चमचा उभा होता. तिनं मांडीवरच्या पर्सकडं बघितलं. चेन ओढलेलीच होती.

चमच्याचा दांडा हलला. पेल्याच्या काठावर वाजला. बारीक बारीक, लागोपाठ.

"हे... हे काय म्हणतंय, मामा? पाणी हवंय का तिला?"

पाणी नको होतं. किडेमास्तरला ठाऊक होतं काय हवंय ते. एवढुसा शब्द होता, 'आहे', सबंध जन्म दिलेला. त्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती, दोऱ्यानं शिवल्यासारखी. आवाज फुटेना.

ठोके थांबले. तिनं वाट बघितली असावी.

मग लाकडी भिंतीवर सुरू झाले. पण पलीकडून नव्हे. त्याच्या पाठीमागं, या बाजूनं.