वाऱ्याविरुद्ध पोहणारा तरंगा

"आपा, ओढ ना! ओढ!" मुबीन काठावर नाचत ओरडला.

नाजनीननं बांबूची काठी झटक्यात वर उचलली. गळाला लोंबत होता शेवाळाचा भलामोठा झुपका!

संस्कृती पोट धरून हसली. "झाली की आजची भाजी!"

नाजनीनलाही हसू फुटलं. सुट्टी लागताच तिचं कुटुंब हर्णैहून सोलापूरला आलं होतं. अब्बांना अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे नेणाऱ्या टेम्पोवर काम मिळालं होतं आणि शहराबाहेरच्या एका गावात भाड्याची खोली. हर्णैच्या कुठल्या खडकावर बसलं की काय गळाला लागतं, हे नाजनीनला तोंडपाठ होतं. इथं समुद्र नव्हता, पण तलाव होता! मग काय, धाकटा मुबीन आणि शेजारची संस्कृती यांना घेऊन तिनं काठ धुंडाळायला सुरुवात केली. धुण्याच्या दगडांपाशी मासा फिरकत नव्हता. जांभळाखाली गळ मुळांत अडकला. पुढे तर मुबीनच गुडघ्यापर्यंत गाळात रुतला!

"आता त्या बांधाच्या कोपऱ्यात बघू," नाजनीन म्हणाली.

तो कोपरा म्हणजे लॉटरीच निघाली! कणकेची गोळी पाण्यात पडायचा अवकाश, चिलापी मासा हजर! संस्कृतीनं जन्मात पहिल्यांदा मासा पकडला आणि घाबरून तो परत पाण्यातच टाकला.

पण नाजनीन मात्र गळाच्या दोरीला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या तरंग्याकडे टक लावून बघत होती.

"संस्कृती, वारा कुठून येतोय?"

"बांधाकडनं. का गं?"

"मग माझा तरंगा बांधाकडे का चाललाय? वाऱ्याविरुद्ध?"

तिनं गळ पुन्हा टाकला. मोरपिसाच्या देठाचा तो तरंगा शहाण्या मुलासारखा सरळ बांधाकडे निघाला. तिथं पाण्यातून एक दगडी चौथरा वर आला होता. त्यावर मोठं लोखंडी चाक होतं. ते फिरवलं की बांधाखालच्या मोरीचं दार उघडायचं.

"समुद्रात ओढ असली की असंच होतं," नाजनीन हळूच म्हणाली. "इथून पाणी कुठंतरी जातंय. म्हणून तर मासे इथं गोळा होतात!"

संस्कृतीचं हसू मावळलं. गावचे नळ याच तलावावर चालत होते, आणि यंदा तलाव भलताच भरभर खाली चालला होता. टँकर मागवायची बोलणी सुरू झाली होती.

गावाला पाणी सोडणारे गुरुशांतमामा लिंबाखाली मोबाइलवर कुस्ती बघत होते. तिघं त्यांच्याकडे धावली.

"दार गच्च बंद हाय," मामा मान वर न करता म्हणाले. "चाक म्या सवता आवळलंय. ऊन बघ की कसलं हाय! पाणी आटणारच."

"पण मामा, बांधापलीकडे जाऊन बघितलंत का?"

"तितं वेड्या बाभळीचं रान हाय. काटं मोजायला जाऊ व्हय? आन् तुमी त्या चाकाकडं फिरकायचं न्हाय. सांगून ठेवतो!"

"चाकाकडं न्हाय जायचं तर न्हाय," संस्कृती परत येताना फुरंगटून म्हणाली. "मग कळणार कसं?"

"पाण्यात रंग टाकायचा!" मुबीन म्हणाला. "कारखान्यात टॉवेलचा रंग असतो, तो आणू!"

"वेडा आहेस का? मासे मरतील! आणि गाव काय पिणार?" नाजनीन ओरडली आणि एकदम थांबली. "थांब... अम्मी बिर्याणीत घालते तो रंग! तो तर आपण खातोच!"

दुसऱ्या दिवशी मुबीन मामांशेजारी जाऊन बसला आणि त्यानं कुस्तीबद्दल प्रश्नांचा मारा सुरू केला. मामाही रंगात आले. संस्कृती बांधापलीकडे बाभळीत शिरली. नाजनीननं ओढणीच्या तुकड्यात रंग आणि एक खडा बांधला, पुरचुंडी गळाच्या दोरीला अडकवली आणि काठावरूनच भिरकावली.

पहिला नेम चुकला. पुरचुंडी अलीकडेच पडली. तिनं ती झटकन ओढून घेतली. हर्णैच्या खडकावर रोखायची तसा श्वास रोखून तिनं पुन्हा काठी फिरवली. पुरचुंडी चौथऱ्याला आपटली आणि डुबुक! दोरी ताठ झाली. खालून कुणीतरी ओढत होतं जणू!

नाजनीन बांधापलीकडे कान देऊन उभी राहिली. आपलं चुकलं तर? नवीन गावात हसंच होणार!

तेवढ्यात पलीकडून आरोळी आली, "नारिंगी! लई नारिंगी पाणी आलं गं!"

संस्कृती धावतच सरपंच रंभाबाईंना घेऊन आली. मागोमाग अर्धं गाव! रंभाबाईंनी पदर खोचला आणि त्या बाभळी बाजूला सारत आत शिरल्या. मोरीच्या तोंडातून भळाभळा पाणी वाहत होतं.

"आरं गुरुशांता, हे काय रं?"

"झ... झरा असंल की."

"नारिंगी झरा?"

सगळे खो खो हसले. मामांचा चेहराच पडला.

लगेच माणसांनी चाक फिरवून दार वर उचललं. पाणी गर्जत सुटलं आणि त्याबरोबर दाराखाली अडकलेला बाभळीचा एक जाडजूड बुंधा तोफगोळ्यासारखा बाहेर आला! मग दार खाली घेतलं. या वेळी चाक पुष्कळ जास्त फिरलं. ओहोळ बारीक झाला आणि थांबला.

"चाक अडलं म्हंजे दार बसलं, असं वाटलं मला," मामा मान खाली घालून म्हणाले. "बघायला पायजे हुतं."

रंभाबाईंनी नाजनीनला जवळ घेतलं. "आमचा जन्म गेला या काठावर, पण हे तुज्या नजरंला दिसलं. पोरींनो, गावाचं पाणी राखलं तुमी! आन् तू बी रं, कुस्तीवाल्या!"

नाजनीन लाजली. मग सगळे काठावर परतले आणि तिनं गळ पुन्हा पाण्यात टाकला. तरंगा वाऱ्याबरोबर बांधापासून दूर चालला होता. "आता ओढ थांबली. या कोपऱ्यात मासे नाही यायचे."

"त्यात काय!" गर्दीतले एक आजोबा म्हणाले. "पल्याडच्या खडकाखाली जा. शिंगाडा मासा घावतो."

"छ्या! मासा हाय तो लव्हाळ्यात," दुसरे म्हणाले.

"तुमाला काय कळतंय?" तिसरा पुढे सरसावला. बघता बघता आख्खं गाव आपापल्या जागा सांगत भांडायला लागलं!

त्या गलक्यात गुरुशांतमामा हळूच नाजनीनजवळ सरकले. "ह्यांचं ऐकू नगंस. मरळ कुटं असती, ते म्या दावतो. उद्या सकाळी काठी घिऊन ये."

"येते, मामा!" नाजनीन म्हणाली, आणि धावत जाऊन संस्कृतीला ती बातमी सांगू लागली.